होडीच्या तळाचं सागवान

माझ्या मुलाने, ॲन्सेल्मने, पाचूबंदरावरून जुनी होडी विकत घेतली, तेव्हा होळी गावातल्या आमच्या आळीने माझी पाठ सोडली नाही. "काय गं, केळी सोडून आता बोंबील विकणार?" मी सांगायचे, "बोंबील तुम्हीच विका. आमची होडी हवा खायची आहे." आणि होतीही तशीच. ॲन्सेल्म मुंबईला हापिसात जायचा. तिथल्या साहेबलोकांचं बघून त्याच्या डोक्यात भरलं होतं की रविवारी देवळात मिसेची प्रार्थना झाली की घरच्यांनी होडीत बसावं, किल्ल्याच्या कडेकडेने पाणजू बेटापर्यंत जावं, डबा खावा आणि परत यावं.

होडीचं अंग चांगलं होतं. तळ मात्र सडका. पाय ठेवायच्या फळ्या माशांच्या पाण्याने काळ्या पडलेल्या, दाबलं की चिखलासारख्या दबायच्या. त्या बदलायच्या होत्या. ॲन्सेल्म म्हणाला, "मी बघतो." मी म्हटलं, "तू हापिस बघ. तळाचं मी बघते."

कारण त्या होडीत पहिली बसणार होती डेल्फिन. तिच्या मुलाशी, प्लासिडशी, माझ्या मेरीच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. प्लासिड शाळेत मास्तर, त्याचा बापही मास्तरच होता, आता हयात नाही. घरात पुस्तकांचं कपाट. ती माणसं इतकी हळू बोलतात की ऐकायला पुढे वाकावं लागतं. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, अजून बोट ठेवून वाचते. मुलगी द्यायची तर आपणही काही कमी नाही हे त्यांना दिसायला हवं होतं. डेल्फिनने अजून हो म्हटलं नव्हतं. होडीतून फिरवून आणू, मग म्हणेल, असा माझा हिशोब.

जयराम म्हणून पाचूबंदरला होड्या दुरुस्त करणारा होता. त्याच्यापुढे वाळूत ॲन्सेल्मने नमुने मांडले. एक प्लायवूडचा तुकडा, एक फुलाफुलांचं लिनोलियम आणि जयरामने स्वतःची म्हणून आणलेली आंब्याची फळी.

लिनोलियम दिसायला झकास. आमच्या डॉक्टरच्या दवाखान्यात असतं तसलं. मी म्हटलं, ओत त्याच्यावर पाणी, आणि चाल. ॲन्सेल्म चालला आणि बुडावर आपटला. जयराम हसायला लागला. मी म्हटलं, "विहीण अशी पडली तर थेट पाणजूला पोचेल." प्लायवूडचा कोपरा मी नखाने उचकटला, तर पदर सुटून वर आला. "हे काय लाकूड आहे? ही तर कागदाची भाकरी."

"मंग आंबा घाला बाय," जयराम म्हणाला. "सगले आंबाच घालतात. पानी पितो, पन चालतो."

"आंब्याच्या फळीत आम्ही मयताला घालतो. विहिणीला नाही."

"मंग सागवान आना," तो म्हणाला आणि त्याने बिडी पेटवली. त्याला वाटलं, संपलं.

पण मला ठाऊक होतं सागवान कुठे आहे. डेल्फिनच्याच गावच्या देवळात मिसा लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागल्यापासून एकेक गोष्ट बदलत होती. वेदी बदलली, आता बाकंही नवी येणार होती. जुन्या बाकांचा देवळामागे लिलाव होता. म्हाताऱ्या लोकांनी गुडघे टेकून टेकून गुळगुळीत केलेलं सागवान! मी गेले आणि सगळ्या ढिगावर बोली लावली. बाकीचे एकदोन बाकं घ्यायला आलेले, ते मागे हटले.

एक छत्रीवाला माणूस तेवढा हटेना. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, यातलं एक बाक आम्हाला सोडा. आमच्या घरचं आहे ते. माझ्या बहिणीने—"

मी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. एक बाक गेलं की तळाला फळी कमी पडणार, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी म्हटलं, "देवळाला दिलं म्हणजे देवाचं झालं. आता देवाने ते मला विकलं. तक्रार असेल तर वर करा." जमलेली माणसं हसली. मलाही आपलं बोलणं आवडलं. त्याने छत्री उघडली आणि गेला. ऊनही नव्हतं, पाऊसही नव्हता.

त्या बाकांच्या पाठींवर अक्षरं कोरलेली होती. आमच्याकडे रीतच आहे, घरचं माणूस गेलं की त्याच्या नावाने देवळाला बाक द्यायचं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. जयरामने विचारलंसुद्धा, "अक्षरं वर ठेवू का खाली?" मी म्हटलं, "खाली. माणसं खाडी बघायला येणार, वाचायला नाही." होडीच्या मापात बसवायला त्याने फळ्या कापल्या. उरलेले तुकडे मी टोपलीत भरून घरी आणले आणि न्हाणीच्या चुलीत घातले. सागवान काय जळतं! पाणी असं कढत निघायचं की मी शेजारणीला बोलावून दाखवलं.

तळ झाला तो मात्र बघण्यासारखा. तेल पाजल्यावर मधासारखा रंग आला. साऱ्या फळ्या खिळ्यांनी बसवल्या, फक्त मधली एक मोकळी. होडीत पाणी येणारच, ते उपसायला ती उचलायची.

रविवारी डेल्फिन आली, प्लासिड आला, आणि त्यांच्या मागून धक्क्याच्या पायऱ्या उतरत छत्री आली.

"हा माझा भाऊ, पास्कल," डेल्फिन म्हणाली.

त्याने मला ओळखलं होतं. मला वाटलं, आता सर्वांपुढे बोलेल. तो फक्त म्हणाला, "आमची भेट झालेली आहे." मग होडीच्या तळाकडे बघत राहिला. "लाकूड ओळखीचं वाटतं."

कोणीही दुसरी असती तर तिथेच गप्प झाली असती. मी म्हटलं, "चांगलं लाकूड सगळ्यांनाच ओळखीचं वाटतं. चपला काढून या हो सगळ्यांनी. सागवान आहे, डाग पडतात." डेल्फिनने चपला काढून हातात घेतल्या, अनवाणी आत आली आणि मधल्या फळीवर पाय ठेवून बसली.

किल्ल्याची भिंत मागे पडली. मेरीने डबा उघडला, प्लासिडला वाढताना तिची मान खाली, त्याची वर. डेल्फिनही जरा हसली आणि म्हणाली, "किती गार लागतंय पायांना." मी मनात म्हटलं, जमलं. तेवढ्यात ॲन्सेल्म मागून ओरडला, "आई, पाणी वर येतंय. फळी उचल."

मी उठायच्या आत प्लासिड उठला. होणारा जावई, त्याला हौस. डेल्फिनने पाय बाजूला घेतले. त्याने फळी उचलली, ओली बाजू बघायला उलटी केली, आणि तशीच धरून राहिला. डबा घेऊन पाणी उपसायचं सोडून तो नुसता उभा. मेरीने वाकून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?" मी म्हटलं. मग मीच बोट ठेवून वाचायला लागले. अक्षरांत तळाचा काळा चिखल बसला होता. क्ले. में. टी. तिथे फळी कापलेली होती.

"क्लेमेंटीन," डेल्फिन म्हणाली. "माझी थोरली."

प्लासिडच्या आधी तिला एक मुलगी होती आणि ती लहानपणीच तापाने गेली, हे मला माहीत होतं. नाव माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

पास्कल पाण्याकडे बघत बसला. त्या दिवशी तो मला काय सांगणार होता ते आता सगळ्या होडीला कळलं होतं. त्याने एक शब्द जरी काढला असता तर मी भांडले असते, आणि भांडता आलं असतं तर बरं झालं असतं.

डेल्फिनने फळी मांडीवर घेतली. पदराने अक्षरं पुसली, एकेक, शाळेतल्या पोराची पाटी पुसावी तशी. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बरं झालं, चपला काढायला लावल्यात."

तिने टोमणा मारला नव्हता. ती खरंच तसं म्हणत होती. तिला वाटलं, काहीतरी मान राखला गेला. आणि मी चपला काढायला लावल्या होत्या तेलाच्या चकाकीसाठी. माझे कान असे तापले की वारा लागेना.

"पुढचा तुकडा घरी असेल ना?" तिने विचारलं. "जोडता येईल."

ॲन्सेल्मने माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं. मेरीलाही माहीत होतं, तीच रोज चूल पेटवायची. एक शब्द खोटा बोलले असते तर भागलं असतं. सुताराकडे राहिला, हरवला, भरतीत वाहून गेला. मेरीचं लग्न त्या एका शब्दावर टांगलेलं मला दिसत होतं. पण ती बाई मला बाकीच्यांसारखं "अहो बाई" म्हणत नव्हती, "ॲन्सेल्मच्या आई" म्हणत होती, आणि तिच्या मांडीवर तिची पोर होती.

"जाळला," मी म्हटलं. "आंघोळीचं पाणी तापवलं."

ॲन्सेल्मने होडी परत वळवली. फळीची जागा उघडी होती. मी तिथेच, खालच्या घाण पाण्यात पाय सोडून बसले. ॲन्सेल्म म्हणाला, "आई, इकडे सरक." मी सरकले नाही. धक्क्यावर उतरताना पास्कलने फळी छत्रीसारखी काखेत घेतली. डेल्फिन म्हणाली, "मुलांचं नंतर बघू," आणि चपला हातातच धरून पायऱ्या चढली.

दुसऱ्या दिवशी मी जयरामला बोलावलं. "सगळं उपट."

"बाय, पोरीला नाय म्हटलं का काय पाव्हन्यांनी?"

"तू उपट. प्रश्न विचारू नको." माझा आवाज नेहमीसारखा निघाला नसावा, कारण तो मुकाट्याने खिळे काढायला लागला.

मेरीने प्रत्येक फळी उलटून नाव वाचलं. कुठे पुरतं होतं, कुठे अर्धं. मग हातगाडीवर फळ्या घालून आम्ही दोघी त्या गावात गेलो. एका घरात म्हातारीने फळी हातातून ओढून घेतली आणि दार लावलं. एका घरी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि अर्ध्या नावाचा बाकीचा अर्धा भाग कुठे आहे ते विचारलं. प्रत्येक ठिकाणी मला तेच सांगावं लागलं. चुलीत. शेवटी शेवटी मी दारातूनच आधी ते सांगायचे आणि मग फळी पुढे करायचे. एक माणूस म्हणाला, "आमच्यात आता हे नाव लावणारं कोणी नाही, तुम्हीच ठेवा." ती फळी अजून माझ्या घरात आहे. तिच्यावर मी काही ठेवत नाही.

डेल्फिनचं घर मी सर्वांत शेवटी घेतलं. तिथे द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. मेरीला मी आळीच्या तोंडाशी गाडी धरून उभी केली. तिला घेऊन गेले असते तर वाटलं असतं, मुलगी पुढे करून माफी मागते आहे.

पडवीत चपला काढल्या. आत भिंतीवर येशूच्या तसबिरीखाली ती फळी खिळ्यांवर ठेवलेली. धुतलेली. क्लेमेंटी. पुढचं काही नाही, कापलेल्या कडेवर जयरामच्या करवतीच्या रेघा. मी बोलायचं ते पाठ करून आले होते. आयुष्यात मी कोणाची माफी मागितलेली नाही, त्यामुळे शब्द नवे होते. त्यातला एकही आठवेना. मी नुसती त्या करवतीच्या रेघांकडे बघत उभी.

डेल्फिनने पाट पुढे सरकवला. "होडीला आता काय घालणार?"

"आंबा," मी म्हटलं.

तिने मान हलवली. मग विचारलं, "मेरी नाही आली?"

"आहे. आळीच्या तोंडाशी. गाडी धरून."

"उन्हात कशाला उभी केलीत? बोलवा तिला."

मी अंगणात आले आणि हाक मारली. माझी हाक होळीत दोन वाड्या ओलांडून जाते, गडी दचकून कुदळ टाकतात. त्या दिवशी ती डेल्फिनच्या अंगणातून पुढे जाईना. मी पुन्हा मारली, तर नुसता घसा हलला.

मग मागून डेल्फिननेच हाक मारली. तिच्या त्या हळू आवाजात. आणि मेरी आली.