झोपवलेल्या तक्रारी

शहरात पाणी कुठे कुठे गळतं हे पाणीखात्याच्या प्रोग्रामरइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याला ते कोणी विचारतही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर झेरॉक्सच्या यंत्रामागे त्याचं टेबल होतं. खात्याची वेबसाइट त्यानेच बांधलेली.

तिच्यावर कोणी तक्रार नोंदवली की संगणकयंत्राच्या आत ती जिवंत होई. पत्ता, पाइप, मुकादम सगळं तिला माहीत असे, आणि रोज सकाळी ती आपणहून मुकादमाच्या मोबाइलवर जाऊन टोचणी लावी. अशा जित्याजागत्या तक्रारींना जागा फार लागते. म्हणून वेबसाइट ज्या संगणकभाषेत लिहिली तिच्यात एक सोय आहे. तक्रारीतली हवा काढून तिची अक्षरांची एक लांबलचक ओळ करायची आणि ती कपाटात ठेवायची. हवी तेव्हा ओळीत पुन्हा हवा भरायची. भाषेनेच या कामांना झोपणं आणि उठणं अशी नावं दिली आहेत.

हे त्याने एका बैठकीत मोठ्या साहेबांना सांगितलं, आणि तिथेच घात झाला.

"झोपलेली तक्रार प्रलंबित धरतात का हो?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"यंत्र फक्त जाग्या मोजतं, साहेब."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "मग उगाच कशाला जागवताय बिचाऱ्यांना?"

आठवडाभरात शहरातल्या सगळ्या तक्रारी एका गठ्ठ्यात निजल्या. गठ्ठा एकच हवा, हीसुद्धा साहेबांची आज्ञा. म्हणजे पडद्यावर एकच ओळ दिसेल. प्रलंबित तक्रारींचा आकडा शून्यावर आला आणि 'तक्रारमुक्त कार्यालय' पुरस्काराच्या समितीची भेट ठरली. प्रोग्रामरला हे पटलं नव्हतं. पण न पटलेली गोष्ट नीटनेटकी करण्यात त्याचा हात धरणारं खात्यात कोणी नव्हतं.

मग साहेबांना शब्दच खुपायला लागला. "तक्रार म्हटलं की माणूस कुरकुरतोच. सूचना म्हणा. दारावर, पाटीवर, तुमच्या त्या कोडमध्ये, सगळीकडे."

त्याने एका फटक्यात सगळीकडे शब्द बदलला आणि तो चहाला गेला.

त्या गठ्ठ्यात त्याच्या सासऱ्यांची तक्रारही निजली होती. त्यांच्या घरामागचा सरकारी पाइप फुटला होता आणि पाणी झोपायच्या खोलीच्या भिंतीखाली मुरत होतं. सासरे रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करत.

"जावईबापू, भिंतीला भेग पडलीय. मी तिच्यात कंगवा ठेवतो हल्ली. सोय झाली."

दोन दिवसांनी म्हणाले, "आता बॅटरीही मावते. तुमचं खातं असंच चालू राहिलं तर कपाट घ्यायला नको."

"बाबा, तुम्ही दोघं आमच्याकडे या ना."

"तुमच्या दोन खोल्यांत? आणि घर सोडलं तर तुमचे लोक म्हणतील, इथे राहतंच कोण?"

बायकोने थट्टा केली नाही. "आई त्या भिंतीला पाठ लावून झोपते," एवढंच म्हणाली.

तो आधी मुकादमाकडे गेला. मुकादम पाइपांच्या ढिगावर बसून विडी ओढत होता.

"साहेब, तुमचे सासरे म्हणजे आमचेपण सासरे. पण यंत्राचा नंबर आल्याशिवाय रस्ता खणला तर उद्या खड्ड्यात मीच."

नवी तक्रार घालावी, तर त्या पत्त्यावर आधीच एक आहे म्हणून यंत्र घेईना. राहिला एकच मार्ग: निजलेलीला उठवणं.

त्याने गठ्ठा उघडला. सगळं जिथल्या तिथे होतं, पण उठलं कोणीच नाही. ओळीत हवा भरायला कोडमधला साचा लागतो, आणि कपाटात बंद असलेल्या प्रत्येक ओळीच्या डोक्यावर साच्याचं जुनं नाव तसंच राहिलं होतं: तक्रार. यंत्राने त्या नावाचा साचा शोधला. ते नाव तर त्यानेच बदलून सूचना केलं होतं. मग यंत्राने प्रत्येकीला 'अपूर्ण' असा शिक्का मारून उभं केलं. पोटात पत्ता होता, फोन होता, फुटका पाइपही होता. पण विचारलं की मख्ख. माणसं झोपलेली असताना आपण त्यांच्या घरावरचं नाव पुसून आलो, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

साचा परत आणणं पाच मिनिटांचं काम. पण कोडमध्ये तो शब्द पुन्हा आणायला साहेबांची परवानगी हवी.

"समिती जाऊ द्या," साहेब म्हणाले. "मग काय घालायचा तो गोंधळ घाला."

"भिंत थांबेल असं वाटत नाही, साहेब."

"भिंतीला मी थांबवलेलं नाही. मी तुम्हाला थांबवतोय."

तो टेबलाशी आला. तोवर समिती येऊन साहेबांच्या खोलीत बिस्किटं खात होती. त्याने जुन्या नावाचा साचा जागेवर ठेवला आणि गठ्ठा पुन्हा उघडला.

त्याला फक्त सासऱ्यांची हवी होती. पण गठ्ठा एकच, त्यामुळे एकीला हाक मारली की घरदार उठणार. उठल्या उठल्या नोंदवणाऱ्याला तक्रारीचा विषय लिहून 'आपल्या सेवेत हजर आहोत' असा संदेश पाठवायचा आणि मुकादमाला नंबर द्यायचा, ही सवय त्याने स्वतःच त्यांना लावली होती. खाली मुकादमाचा मोबाइल गुरगुरायला लागला तो थांबेचना. वर समितीच्या अध्यक्षबाईंनी पर्स उघडून वाजलेला मोबाइल काढला.

"माझ्या घरासमोरचा नळ?" त्या म्हणाल्या. "अहो, ते घर विकूनही काळ लोटला."

मोठ्या साहेबांनी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. "बाई, हीच आमची नवी योजना. खातं कोणाला विसरत नाही."

अध्यक्षबाई विरघळल्या. 'तक्रारमुक्त कार्यालय' हा पुरस्कार हुकला, 'संवेदनशील कार्यालय' हा मिळाला. तो ढालीच्या आकाराचा होता आणि जरा मोठाही.

प्रोग्रामर तोवर मुकादमासोबत सासऱ्यांच्या दारात पोचला होता. मुकादमाने पाइपकडे पाहिलंच नाही. त्याने आत जाऊन भिंतीला तळहात लावला.

"इथे कोण झोपतं?"

"आम्ही दोघं," सासूबाई म्हणाल्या.

"आजपासून नाही, मावशी."

जावयाने आणि मुकादमाने मिळून पलंग बाहेर काढला. सासरे मधे मधे "पाय जपा त्याचे, सागवानी आहे" म्हणत राहिले. पाइप दुसऱ्या दिवशी जोडला. भिंत त्याच्या पुढच्या दुपारी कोणालाही न विचारता बसली. खोलीत कोणी नव्हतं.

त्या संध्याकाळी दोन खोल्यांत चार माणसं आणि एक पलंग होता. सासऱ्यांच्या मोबाइलवर खात्याचा संदेश आला. प्रोग्रामरने तो मोठ्याने वाचला: संबंधित भिंत आता अस्तित्वात नसल्याने विषय निकाली.

"म्हणजे?" सासऱ्यांनी विचारलं.

"म्हणजे मिटलं, बाबा."

सासूबाई खळखळून हसल्या. बऱ्याच दिवसांनी, असं बायको नंतर म्हणाली.

सासरे हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला, खुर्ची जावयाशेजारी ओढली आणि म्हणाले, "उघडा तुमचा लॅपटॉप. भिंत पडल्याची तक्रार घालू. मी सांगतो, तुम्ही लिहा. आणि जावईबापू, हिला जागी ठेवायचं काम तुमचं."