भरतकामाच्या मशीनचा ड्रायव्हर

मी भरतकामाचं मशीन घेतलं तेव्हा अख्ख्या गल्लीने मला वेड्यात काढलं होतं. कॉम्प्युटरवर चित्र निवडायचं आणि मशीनने ते आपलं आपण कापडावर भरायचं, हे ऐकून शेजारचा शिंपी तर पोट धरून हसला. पुढे त्याच शिंप्याची गिऱ्हाइकं माझ्या दाराशी उभी राहायला लागली. हॉटेलच्या टॉवेलांवरची अक्षरं, शाळेचे बिल्ले, दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या कोटांवरची नावं, सगळं माझ्या हातचं. मशीनच्या हातचं म्हणा हवं तर, पण ते मशीन ऐकायचं फक्त माझं. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लपवायचा तर करायचा कशाला?

तर परवा कॉम्प्युटरने मान टाकली. डिस्क गेली, असं माझा मुलगा म्हणाला. त्याने नवी डिस्क बसवली, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली, माझी डिझाइनं आणि भरतकामाचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर होता तोही परत घातला. स्क्रीन लागला, आवाज आला, इंटरनेट आलं. मशीन मात्र ढिम्म.

"ड्रायव्हर नाहीये आई," तो म्हणाला. "कॉम्प्युटर आणि मशीन यांच्यामधला दुभाषा समज. सिस्टिम नवी टाकली की तोही नव्याने घालावा लागतो. सीडी होती ना ड्रॉवरमध्ये?"

सीडी होती. आमचे हे एकदम वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले, तेव्हाच मला शंका आली. बाहेर खिडकीच्या गजाला दोरीने बांधलेली ती सीडी वाऱ्यावर गोल गोल फिरत होती. कबुतरांना घाबरवायला यांनी टांगली होती. कबुतरं तिच्याशेजारी बसून तिच्यात आपली तोंडं बघत होती.

"मला वाटलं गाण्यांची आहे," हे म्हणाले.

"आणि गाण्यांची असती तर?" मी विचारलं. उन्हाने सीडीवरचा चकचकीत थर जागोजाग उडाला होता, तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

मुलाने मशीनच्या कंपनीचं नाव टाकून शोधलं. कंपनी कधीच बंद पडलेली. मग भलत्याच साइटवरचं एक मोठं हिरवं बटण त्याने दाबलं, तर ड्रायव्हरच्या जागी कॉम्प्युटर साफ करून देणारं कसलं तरी सोंग येऊन बसलं आणि दर घडीला टुणटुण वाजायला लागलं. ते काढता काढता त्याची सकाळ गेली. शेवटी त्याने हात टेकले.

"आई, जुनं झालंय गं ते. मी जुनी मशीनं विकत घेणाऱ्याशी बोललोय, तो आजच येऊन घेऊन जाईल. तुलाही जरा विश्रांती मिळेल."

एवढ्या मायेने बोलला की मला भांडताही येईना. ज्या बाईच्या तोंडाला गल्ली टरकते, ती मशीनवरची धूळ पुसत बसली. आपलं घरचं माणूसच दाराबाहेर काढतायत असं वाटलं मला.

सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती पूर्वी फोनवरून लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून द्यायची. ते ऑफिस बंद झाल्यापासून घरीच होती आणि पुढच्या खोलीतल्या माझ्या दुकानात लुडबुड करायला बघायची. मी काही तिला मशीनला हात लावू दिला नव्हता. दोऱ्याचा ताण चुकला की सुई मोडते, आणि सुई मोडली की माझं डोकं फिरतं.

"आई, मी बघू?"

"बघ बाई. आता आणखी काय बिघडायचंय?"

तिने मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ टेबलाखाली शिरली आणि मशीनपासून कॉम्प्युटरपर्यंत जाणारी केबल हातात धरून बाहेर आली.

"ही मशीनबरोबरची आहे?"

"नाही. मागचा कॉम्प्युटर बदलला तेव्हा घेतली. नव्याला जुन्या वायरीचं भोक नव्हतं."

"मग झालं तर!" केबलच्या टोकाचा फुगीर भाग तिने मला दाखवला. "यात एक चिप आहे. कॉम्प्युटरला फक्त हीच दिसते, मशीन नाही. आपण मशीनचा ड्रायव्हर शोधत बसलो, हवाय या केबलचा."

"पण तिच्यावर नावही नाही," मुलगा म्हणाला.

"नाव कशाला? नंबर विचारू तिला."

तिने कॉम्प्युटरला जोडलेल्या वस्तूंची यादी उघडली. एकीपुढे पिवळं उद्गारचिन्ह होतं, म्हणजे तिला ड्रायव्हर नाही. तिच्या आत शिरून तिने एक लांबलचक नंबर काढला. अर्ध्यात चिप कोणी केली ते, अर्ध्यात चिप कुठली ते, असं मला सांगितलं. तोच नंबर टाकून शोधलं आणि चिप बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवर जाऊन पोचली. वाटेतल्या हिरव्या बटणांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

ड्रायव्हर घातला. पिवळं चिन्ह जागच्या जागी.

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. जुनी मशीनं घेणारा निघाला होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"नवा ड्रायव्हर या जुन्या चिपला उभंच करत नाहीये," सूनबाई पुटपुटली. तिने त्याच साइटवरून मागचा, जुना ड्रायव्हर उतरवला. कॉम्प्युटर म्हणाला, सगळ्यात चांगला ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे.

"तुझं चांगलं तुझ्यापाशी ठेव," ती स्क्रीनला म्हणाली.

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. अगदी माझा सूर! तिने यादीतून जुना ड्रायव्हर आपल्या हाताने निवडला आणि कॉम्प्युटरच्या गळी उतरवला. पिवळं चिन्ह गेलं. मशीन तरी हलेना.

"आई, पूर्वी या प्रोग्रॅमच्या कोपऱ्यात काही लिहिलेलं दिसायचं? पोर्टचा नंबर?"

पोर्ट म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. पण रोज सकाळी ज्या कोपऱ्याकडे बघून मी मशीन सुरू केलं, तो कोपरा मी विसरेन?

"कॉम दोन," मी म्हणाले.

मशीन कुठे शोधायचं ते प्रोग्रॅमला या नंबरावरून कळतं म्हणे. तिने केबलला तो नंबर दिला, प्रोग्रॅममध्ये तोच निवडला आणि बटण दाबलं. मशीनची चौकट खाडकन डावीकडे गेली, मग उजवीकडे, आणि मधोमध येऊन थांबली. दुकान उघडल्यावर रोज करायची तसंच. मी पदर डोळ्यांना लावला, सगळ्यांदेखत. हे उठून खिडकीशी गेले आणि गुपचूप सीडी सोडून आणली.

दारात हातगाडी थांबली. जुनी मशीनं घेणारा आत डोकावला. "हेच ना मशीन? मालक कोण इथे?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. ह्यांनीही पाहिलं. इतकी वर्षं या प्रश्नाला या खोलीत मीच उत्तर दिलंय, आणि तेही असं की पुन्हा विचारायची कोणाची छाती होऊ नये.

मी सूनबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "ह्या मालकीणबाई. त्यांना विचारा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले, पण मान ताठ होती.

"मशीन विकायचं नाही," तिने त्याला सांगितलं. मग माझ्याकडे वळली. "आई, दोरा कसा लावायचा ते दाखवा."

मी दाखवलं.