हात न लागलेली सीट

रकाना १. व्हेरियंट (फक्त एकाच चौकोनात खूण करावी)
☑ बेस  ☐ मधलं  ☑ टॉप

फॉर्म परत आला. शोरूममधल्या मुलीनं तो टेबलावरून हळूच पुढे सरकवला आणि हसू दाबत सांगितलं की एका गाडीला दोन खुणा कंपनीचा कॉम्प्युटर घेत नाही.

बेसवरची खूण मास्तरांची. खडूनं कापडावर मारावी तशी, एका झटक्यात मारलेली. टॉपवरची वहिनींची. पेन दोनदा फिरवून गडद केलेली, इतकी की खालच्या पानावरही तिचा वळ उठला होता.

मास्तर सीटा शिवतात. गाड्यांच्या, बसच्या, थिएटरच्या, दवाखान्यातल्या खुर्च्यांच्या. तेहेतीस वर्षांपूर्वी एक मशीन होतं, आता एकोणीस आहेत. मास्तर आणि वहिनी ही नावं कारखान्यातल्या माणसांनी पाडलेली. नवराबायको एकमेकांना ‘अहो’ आणि ‘अगं’ सोडून दुसरी हाक मारत नाहीत. मास्तर शिवतात आणि शिवून झालेली प्रत्येक सीट वहिनी बसून तपासतात. त्यांनी मान हलवल्याशिवाय माल दाराबाहेर पडत नाही.

जुनी गाडी लेकीला देऊन आपण एक मोठी, उंच, चांगली दणदणीत गाडी घ्यायची हे दोघांचं एका जेवणात ठरलं होतं. कोणती कंपनी, कोणतं इंजिन, सगळं ताक संपेपर्यंत पक्कं झालं. त्यामुळे शोरूममध्ये अर्धा तास पुरे, असा दोघांचा अंदाज होता. आता सव्वा तास झाला होता आणि पहिल्या रकान्यातून कुणी हललं नव्हतं.

मास्तरांचं म्हणणं सरळ होतं. इंजिन तिन्हींत एकच. टॉपमध्ये जास्तीचं मुख्य काय, तर लेदरच्या सीटा. सीटा आपल्या घरच्या. मग बेस घ्यायची, तिच्या कापडी सीटा सोलून काढायच्या, तीन रविवार द्यायचे आणि असं लेदर चढवायचं की कंपनीची माणसं फोटो काढायला आली पाहिजेत. आचाऱ्यानं घरी पाहुणे बोलवायचे आणि डबा बाहेरून मागवायचा, हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हतं.

वहिनींनी हे सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी मुलीकडे बघत, पण मास्तरांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं.

“मला आयुष्यात एकदा तरी अशा सीटवर बसायचंय, जिला ह्यांचे हात लागलेले नाहीत.”

मुलीला एकाएकी प्रिंटरमधला कागद बघून यावासा वाटला.


रकाना ३. बाहेरचा रंग

राखाडी. दोघांनाही. चार सेकंद.


रकाना ७. आसनं
(फॉर्ममध्ये इथे एका ओळीची जागा होती. पुढचं सगळं वहिनींनी त्या मुलीला तोंडी सांगितलं, मास्तर शेजारी बसून छताकडे बघत असताना.)

घरातला सोफा ह्यांचा. जेवणाच्या सहा खुर्च्या ह्यांच्या. पलंगाचं डोकं ह्यांचं, माझ्या स्टुलाची गादी ह्यांची, जुन्या गाडीच्या चारही सीटा ह्यांच्या, आणि लेकीच्या स्कूटरची सीटसुद्धा, ती नको नको म्हणत असताना. हे झालं घरातलं. ते मी बोलत नाही.

पण दातांच्या डॉक्टरकडे गेले. तोंडात दोन नळ्या, वर दिवा, माणूस घाबरून हात टाकतो तसा मी खुर्चीच्या कडेला हात टाकला, तर बोटाला दुहेरी शिवण लागली. ह्यांची. डॉक्टर विचारतायत दुखतंय का, आणि माझं चित्त तिसऱ्या टाक्यात, कारण तो सैल होता. सिनेमाला गेलो. चांगला रडका सिनेमा होता, सगळं थिएटर मुसमुसत होतं. मी हाताखालचा फोम दाबून बघतेय की एका बाजूला कमी कसा भरला. नायिका कधी गेली ते मला बाहेर आल्यावर ह्यांनी सांगितलं. आणि लेकीच्या वेळी, बाई, खरं सांगते, बाळंतपणाच्या टेबलावर ह्यांचं रेक्झिन होतं. नर्स म्हणतेय जोर लावा, आणि मी म्हणतेय कोपऱ्यात चुणी आहे.

इथे मास्तरांनी छतावरची नजर काढली आणि चुणी नव्हती, असं हळू आवाजात नोंदवलं. वहिनींनी होती असं सांगितलं. हा वाद सव्वीस वर्षं जुना असल्यामुळे दोघांनीही तो तिथेच ठेवला.


रकाना १४. शोरूमतर्फे मोफत
(हा रकाना सातव्याच्या आधीच भरून आला होता.)

पायपुसण्या, चार. धूळ झटकायचा ब्रश, एक. सीट कव्हर, पूर्ण संच.

वहिनींनी ‘सीट कव्हर’ या दोन शब्दांवर बोट ठेवलं आणि मास्तरांकडे वळून पाहिलं. मास्तरांनी घसा साफ केला. कव्हरं त्यांच्याच कारखान्यातून येत होती, महिन्याला साठ संच. मुलीला हे ठाऊक नव्हतं. ती मोठ्या उत्साहानं सांगत होती की फिटिंग फार सुंदर असतं, ग्राहक फार खूश असतात. मास्तरांचे कान सुखानं लाल झाले.

वहिनींनी ते दोन शब्द खोडले. पायपुसण्या राहू दिल्या.


रकाना ८. छत

काचेचं हवं का साधं? मास्तरांनी काचेचं सांगितलं, कारण काचेला अस्तर लागत नाही आणि अस्तर नाही तर त्यात खोट काढायचा त्रासही नाही. हा त्या सकाळचा त्यांचा सर्वांत समजूतदार विचार होता आणि वहिनींनीही तो मानला.


(याला रकाना नाही)

मग मुलीनं शहाणपणा केला. तिनं दोघांना टेबलावरून उठवलं आणि काचेपाशी ठेवलेल्या टॉप मॉडेलकडे नेलं. बाहेरून राखाडी, आत तपकिरी लेदर. वहिनी ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसल्या. मुलीनं एक बटण दाबलं, सीट मागे सरकली. दुसरं दाबलं, पाठ कलली. तिसरं दाबल्यावर सीटच्या आत काहीतरी हळूहळू लाटेसारखं खालून वर जाऊ लागलं. पाठीच्या मालिशचे आठ प्रकार आहेत, मुलगी म्हणाली. हा पहिला.

वहिनींनी डोळे मिटले.

मास्तर दाराला धरून उभे होते. बायकोचे डोळे दिवसाउजेडी मिटलेले त्यांनी फार दिवसांत पाहिले नव्हते. त्यांच्या मनात काहीतरी हललं, आणि बेस मॉडेलवरची त्यांची पकड तिथल्या तिथे सुटली. टॉप तर टॉप. पण लगेच कबूल होणारा माणूस नव्हता तो.

थोड्या वेळानं मुलगी वहिनींना लेदरचे रंग दाखवायला आतल्या खोलीत घेऊन गेली. मास्तर एकटे राहिले. सीट अजून कललेली होती. वहिनींचा खांदा जिथे टेकला होता तिथेच त्यांची नजर गेली, आणि तिथे शिवण वाकडी होती.

फार नाही, दोन सूत. दुसऱ्या कुणाला शंभर वर्षांत दिसली नसती.

आता कारखान्याचा एक नियम सांगायला हवा. मशिनांच्या समोरच्या भिंतीवर निळ्या रंगात, हातभर अक्षरांत लिहिलंय: वाकडी दिसली, उसवा. कुणी शिवली ते विचारायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही, वेळ नाही म्हणायचं नाही. ज्याला दिसली त्यानं उभ्या उभ्या उसवायची. नियम वहिनींचा, अक्षरही वहिनींचं. त्या भिंतीसमोर मास्तरांची एकवीस वर्षं गेलेली.

शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टाके उसवायची बारीक सुरी असतेच. त्या सुरीनं त्यांनी पहिला टाका उचलला. मग दुसरा. शिवण उसवताना येणारा तो बारीक टकटक आवाज मास्तरांना आवडतो. त्यांचं डोकं त्यात शांत होतं. ही गाडी घ्यायचीच, त्यांच्या डोक्यात चाललं होतं, पण तिच्या खांद्याखाली असली शिवण नको.

नऊ इंचांवर त्यांना आठवलं की ही गाडी आपली नाही. ही सीट ऑर्डरचीसुद्धा नाही. हे शोरूम आहे.

वहिनी हातात रंगांचे नमुने घेऊन आल्या. मागे मुलगी. तपकिरी लेदरच्या मधोमध पांढरा फोम दात विचकून हसत होता. मुलगी एकदा सीटकडे, एकदा मास्तरांच्या हातातल्या सुरीकडे पाहायला लागली, आणि मग मॅनेजरला आणायला निघून गेली.

वहिनींनी नमुने गाडीच्या टपावर ठेवले.

“किती?”

“नऊ इंच.”

“बाजूच्या एअरबॅगची शिवण?”

“तिला हात नाही लावला. तेवढं कळतं मला.”

वहिनींनी पर्स उघडली. वाकडी सुई, मेण, तपकिरी दोऱ्याच्या तीन गुंड्या. मधली जुळली.

मॅनेजर टाय सावरत धावत आला तेव्हा मास्तर अर्धे गाडीत, अर्धे गाडीबाहेर होते. मॅनेजरनं रागवायला तोंड उघडलं. पण आतला माणूस इतका मन लावून काम करत होता की त्याला मध्येच थांबवणं मॅनेजरला बरं वाटेना. वहिनींनी मॅनेजरला समजावून सांगितलं, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाइकांना सांगतात तसं. लेदरला नवीन भोकं पाडायची नसतात, खुणा राहतात. जुन्याच भोकांतून सुई न्यायची. दोष टाक्यांचा नव्हताच, आतली फोमची पट्टी सरकली होती. ती बोटानं जागेवर बसवलीय. आता दहा मिनिटं.

अकरा लागली. मॅनेजरनं गुडघ्यावर बसून पाहिलं. बोट फिरवलं. मग ड्रायव्हरच्या सीटकडे पाहिलं, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. शेवटी मुलीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात मास्तरांना विचारलं की आता ती दुसरी वाकडी दिसायला लागलीय, तीही करून देता का.

“आधी आमचा फॉर्म,” वहिनी म्हणाल्या.


रकाना १. (पुन्हा)
☐ बेस  ☐ मधलं  ☑ टॉप

नव्या फॉर्मवर टॉपवरची खूण मास्तरांनी स्वतः केली. पेन दोनदा फिरवलं, वहिनींसारखं. वहिनींनी भुवया उंचावल्या, तेव्हा त्यांना कारण सांगावं लागलं.

“मघाशी तू डोळे मिटलेस. माझ्या एकाही सीटवर तू कधी डोळे मिटले नाहीस.”

“तुमच्या सीटवर बसले की मी शिवण तपासते. डोळे मिटून कशी तपासणार?”

मास्तरांनी यावर विचार केला. तेहेतीस वर्षांत हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, बायकोला आपल्या सीटा आवडत नाहीत. आवडत होत्या. पण ती त्या सीटांवर कधी निवांत बसलीच नव्हती. कामावर हजर होत होती.


रकाना १७. गाडी कधी हवी
☐ तयार असलेली  ☐ नवीन मागवून (चौदा आठवडे)

इथे मॅनेजर खुर्ची ओढून बसला. त्याच्या मनात एक गोष्ट आली होती. समोरची गाडी टॉप, राखाडी, काचेचं छत. यांना हवी तीच. शिवाय एका सीटला, म्हटलं तर, हातही लागलाय. चांगली सूट देतो, आजच किल्ली घ्या.

मास्तरांचा चेहरा उजळला. एकाच गाडीत टॉप मॉडेल आणि आपले नऊ इंच. दोघांचंही ऐकलं गेलं, आणि तेही जेवणाच्या वेळेआधी. त्यांनी वहिनींकडे पाहिलं.

वहिनी गाडीपाशी गेल्या आणि त्याच सीटवर पुन्हा बसल्या. मुलीनं धावत जाऊन पहिला प्रकार सुरू केला. लाट खालून वर गेली. वहिनींनी डोळे मिटले. तीन सेकंद, चार. मग त्यांचा उजवा हात आपसूक खांद्यामागे गेला, बघावं न लागता नेमक्या जागी पोचला आणि टाके मोजायला लागला.

त्यांनी डोळे उघडले.

“छान झालीय,” त्या मास्तरांना म्हणाल्या, आणि कारखान्यात माल पास करताना हलवतात तशी मान हलवली. मग मॅनेजरला सांगितलं, “नवीन मागवा.”

मॅनेजरनं सूट वाढवली. वहिनी सीटवरून उतरल्या. मॅनेजरनं चौदा आठवडे म्हणजे किती, ते कॅलेंडरची पानं उलटून दाखवलं. वहिनींनी कॅलेंडर पाहिलं, त्यावरचं चित्र चांगलं आहे म्हणाल्या आणि पेन मागितलं. मास्तर हळहळले, पण थोडेच. ड्रायव्हरच्या सीटचं काम अजून व्हायचं होतं, आणि मॅनेजर आता त्याला नाही म्हणणार नव्हता.


रकाना २२. विशेष सूचना (असल्यास)

मुलगी सांगत होती की हा रकाना बहुतेक लोक मोकळाच सोडतात. वहिनींनी तो पूर्ण भरला, समासात जाऊन.

‘सीटांवरचं कंपनीचं प्लास्टिक शोरूममध्ये कुणीही काढू नये. ते मी काढीन.’

मास्तर खांद्यावरून वाचत होते. वाचून झालं तरी ते तिथेच उभे राहिले. दोऱ्याचं मेण बोटांना लागलं होतं, ते पुसत त्यांनी विचारलं की प्लास्टिक म्हणजे काही सीट नव्हे, तर ते ओढायला मदत लागली तर, म्हणजे निदान एखादा कोपरा.

वहिनींनी विचार केला. पेनाचं टोपण काढलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली.

‘ह्यांना एक कोपरा. मागच्या सीटचा.’