विमानात न बसणारा दलाल

विमान चालवणार होती सून, पण झोप उडाली होती सासूबाईंची. सून रोज औषधं घेऊन बेटांवर जायची. जुनं विमान मोडीत निघालं होतं आणि नवंकोरं परवडणारं नव्हतं. तेव्हा आता दुसऱ्या कुणी वापरलेलं चार जणांचं विमान घ्यायचं. सासूबाईंची अट एकच होती : विकणाऱ्यानं आधी स्वतः त्यात बसून फेरी मारायची.

पहिला दलाल टुणकन चढून बसला. पण सुनेच्या मेकॅनिकनं इंजिनाचं झाकण उघडायला घेतलं तसा तो गोड हसला.

"मावशी, सुरळीत चाललेल्याला कशाला डिवचायचं? उघडलं की कुरबुरी सुरू होतात."

"राहू दे मग, झाकूनच ठेवा," म्हणत सुनेनं सासूबाईंचा हात धरला आणि बाहेरची वाट धरली.

दुसऱ्या दलालानं मात्र झाकणं आधीच काढून ठेवली होती. "तुमचाच मेकॅनिक बघू दे. माझा काय, माझीच री ओढणार," तो म्हणाला. वर, शेपटीकडे जाणारी एक तार झिजल्याचं त्यानंच दाखवलं. "मालक म्हणतो चालेल. मी म्हणतो, नाही चालणार." त्यानं मालकाशी भांडून ती बदलून घेतली. मेकॅनिकनं सगळं ठोकून-वाजवून पाहिलं आणि मान डोलावली.

"चला तर," सासूबाई म्हणाल्या, "बसा, फेरी मारू."

दलालाला घाम फुटला. "काकू, मी खालीच बरा."

"बघितलंस?" सासूबाई सुनेच्या कानाशी लागल्या. "विकणाराच बसेना. काहीतरी काळंबेरं आहे." सुनेचा चेहरा पडला. विमान तिच्या मनात भरलं होतं.

मेकॅनिक विमानाखालून हसत बाहेर आला. "अहो, मी ओळखतो ह्याला. हा जन्मात कधी विमानात बसलेला नाही. शिडीवर चढला तरी देव आठवतात त्याला."

"मग हा धंदा कशाला?"

"वडिलांनी गळ्यात मारला," दलाल खाली मान घालून म्हणाला. "मला प्रत्येक विमान पडणार असंच वाटतं, काकू. म्हणून खिळान्‌खिळा बघतो. नाहीतर रात्री डोळ्याला डोळा लागत नाही."

सासूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्याच घरातलं कुणीतरी बोलत असावं, तसं वाटलं त्यांना.

"तुम्ही नका बसू," त्या हळूच म्हणाल्या. "मी बसते."

सुनेशेजारी बसून, मनात नाम घेत त्या वर गेल्या. खाली घरं काड्यापेट्यांएवढी झाली. इंजिन एका सुरात घुमत होतं आणि सुनेचा हात जराही हलत नव्हता. किती दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला.

चाकं टेकली तेव्हा दलाल पांढराफटक पडून कुंपणाला धरून उभा होता.

"उतरलात ना नीट?"

"उतरलो बाबा." सासूबाईंनी आपली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. "आधी दोन घोट प्या. व्यवहाराचं मग बोलू."