हळदीचं दूध

अनुजाचं ऑपरेशन झालं आणि सरुबाईला सुनेची माया फुटली. लग्नाला अठरा-एकोणीस वर्षं झाली होती, तेवढ्या वर्षांत सासूनं सुनेला पाण्याचा तांब्या उचलून दिल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. आता रोज सकाळी ती स्वतः चुलीपुढं बसायची, म्हशीचं दूध तापवायची, त्यात चमचाभर हळद टाकायची आणि पेला घेऊन सुनेच्या उशाशी जायची. "पी बाई, अंगात रगात भरंल," म्हणायची. बायका म्हणाल्या, सासू असावी तर अशी. अनुजालाही ते खरं वाटलं. आजारपणात माणूस मायेला भुकेलेलं असतं, दूध कडवट लागलं तरी गोड मानून घेतं.

पन्हाळ्याच्या पायथ्याचं गाव आणि जोतिबाच्या सासनकाठीचा मान या घरचा. चैत्रात यात्रेला काठी डोंगरावर जायची ती यांच्या अंगणातून, आणि तिचा नैवेद्य रांधायचा तो थोरल्या सुनेनं. मानाच्या घरात सुनेला भलत्या दिवशी कावळा शिवून कसं चालेल? म्हणून यात्रा असो, गौरी असोत, की भावकीतलं लग्न, सरुबाई आठवडाभर आधी तिच्या हातावर पाळी पुढं ढकलायची गोळी ठेवायची. चौकातला औषधवाला आण्णा तर चिठ्ठीही मागायचा नाही. "मानाच्या गोळ्या" म्हणून पुडी बांधून द्यायचा. अनुजानं त्या किती गिळल्या असतील ते जोतिबालाच ठाऊक.

दोन हजार चार साली, दिवाळीच्या तोंडावर, तिच्या डाव्या छातीत गाठ सापडली. कोल्हापुरात डॉक्टर निशाबाईंनी ती काढली, मग केमोची सलाईनं झाली, केस गेले, पाळीही थांबली. अनुजानं त्या गोळ्यांचं विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "त्यांच्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तुमची गाठ हार्मोनवर पोसलेली आहे. इथून पुढे असली एकही गोळी पोटात जाता कामा नये."

हे अनुजानं घरी येऊन सासूला जसंच्या तसं सांगितलं. सरुबाई हूं म्हणाली आणि शेंगा सोलत बसली.

केमो संपली, माघ सरत आला, तेव्हा निशाबाईंनी रक्त घेतलं. "रक्तात हार्मोन किती उरलंय यावर पुढची गोळी ठरते," त्यांनी समजावलं. "पाळी कायमची गेलेल्या बाईची गोळी वेगळी, न गेलेलीची वेगळी. आणि आजार परतायची भीती किती, याचाही थोडाफार अंदाज येतो." आकडे आले ते अगदी तळाला गेलेले. बाई खूश झाल्या. "दुसरी कसली गोळी घेत नाही ना?" त्यांनी विचारलं. अनुजानं देवाशपथ नाही म्हणून सांगितलं. बाईंनी पाळी गेलेल्यांची गोळी लिहून दिली. परतीच्या एसटीत अनुजानं कितीतरी दिवसांनी खिडकीबाहेर पाहिलं. लेकीचं लग्न बघायला मिळेल असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

होळी झाली आणि सरुबाई लेकीकडं गडहिंग्लजला चार दिवस राहायला गेली. ती गेली आणि अनुजाला पाळी आली. तुंबलेली मोरी एकदम फुटावी तशी आली. अनुजानं घाबरून कोल्हापूर गाठलं. पुन्हा रक्त घेतलं. या वेळचे आकडे निशाबाईंनी मागच्या कागदाशेजारी ठेवून पुन्हा पाहिले.

"तुमची अंडाशयं थांबलेली नाहीत. मागच्या वेळी रक्त तसं का दिसलं ते मला कळत नाही. पण अंडाशयं चालू असताना मी दिलेली गोळी लागूच पडत नाही. इतके दिवस तुम्ही औषधाविनाच होतात असं समजा. हार्मोन चढलेलंच आहे. आजार परतायचा धोका मला वाटला होता त्याहून जास्त आहे. खोटं सांगणार नाही. अंडाशयं काढून टाकू. यात्रा झाली की दाखल व्हा, पाळी कायमची बंद होईल."

गावात उतरल्यावर ती आण्णाच्या दुकानात रक्तवाढीची गोळी घ्यायला थांबली. आण्णा पुडी बांधता बांधता म्हणाला, "वैनी, तुमच्या मानाच्या गोळ्या संपल्या असतील न्हवं? थोरल्या आक्कांनी, तुमच्या सासूबाईंनी, माघात आख्खं पाकीट न्हेलतं. म्हणत हुत्या, गोंधळ हाय, शिवरात हाय, होळी हाय, यंदा सुनेचा काय नेम न्हाय."

अनुजा दुकानाच्या पायरीवर बसली. हळद. कडवट लागायचं ते हळदीमुळं, असं ती समजत होती. म्हातारीनं गोळ्या खलून दुधातून पाजल्या होत्या, त्यांनीच पाळी आणि रक्ताचे आकडे दाबून धरले होते, आणि वर नसलेल्या केसांवरून हात फिरवला होता! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं नवऱ्याला सांगितलं. उदयसिंह वाईट माणूस नव्हता, पण आईपुढं त्याची गोगलगाय व्हायची. तो मान खाली घालून म्हणाला, "आईचं वय झालंय गं. तिनं देवाधर्मापायी केलं. जाऊ दे की आता."

जाऊ दे! जाणार होता तो अनुजाचा जीव, आणि जाऊ देणार होता हा. तिनं तोंडात मूग धरले आणि पोटात निखारा. सासू गडहिंग्लजहून परतली. पेला पुन्हा उशाशी येऊ लागला. अनुजा हसून घ्यायची, "ठेवा आत्याबाई, जरा निवू दे," म्हणायची आणि सरुबाईची पाठ वळली की मोरीत ओतायची. अंगाचा हिशेब तिला ठाऊक होता. ती वाट बघत राहिली.

काठी निघायच्या आदल्या दुपारी तिला पाळी आली. तिनं कुणाला सांगितलं नाही. पहाटे उठून न्हाली, डाळ शिजवली, पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या. अंगणात काठी उभी राहिली, तिला हळदकुंकू लावलं, नैवेद्य दाखवला. हलगी कडाडली, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" झालं, गुलाल उधळला आणि तरणी पोरं काठी घेऊन डोंगराच्या वाटेला लागली. मागं राहिलेलं गाव पंगतीला बसलं. सरुबाईचा उपास होता, तो ती या नैवेद्यावर सोडायची. ती पंगतीच्या तोंडाशी बसली. अनुजा तुपाची वाटी घेऊन तिच्यापुढं वाकली.

"पुरण कसं झालंय आत्याबाई?"

"ग्वाड झालंय की," घास चावत सरुबाई म्हणाली.

अनुजानं तूप वाढता वाढता तिच्या कानाशी तोंड नेलं. "काल दुपारधरनं मी बाहेरची हाय. पुरण, पोळी, काठीचं कुंकू, समदं ह्याच हातानं."

सरुबाईची दाढ थांबली. "खोटं. तू तर रोज दूध पी..." आणि तिनं जीभ चावली.

"मोरीला पाजलं ते. तुमी मला दुधातनं चारलंसा, मी तुमास्नी पुरणातनं. डॉक्टरीण म्हणत्या, माझं दुखणं परत यायचं. ते तुमच्या प्याल्यातनं यायचं, हे ध्यानात ठेवा."

सरुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. घास गालात तसाच होता.

"थुका की," अनुजा हळूच म्हणाली. "वरडा. समदं गाव बसलंय. काठी अर्ध्या वाटंत आसंल, म्हागारी आणा म्हणावं. मान जाईल घरचा, जाऊ दे की."

पंगतीतून कुणीतरी हाळी दिली, "आक्का, औंदाचा निवद लई झ्याक!" सगळी तोंडं सरुबाईकडं वळली. म्हातारीनं त्या तोंडांकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, आणि घास गिळला. तो घशाखाली उतरताना अनुजानं नीट बघितला. मग तिनं पानात आणखी एक पोळी वाढली.

त्या वर्षी काठी डोंगरावर गेली आणि सुखरूप परत आली. कुणाचा पाय मुरगळला नाही की कुणाची गाय आटली नाही. पुढच्या आठवड्यात निशाबाईंनी अनुजाची अंडाशयं काढली. यात्रेतली ती तिची शेवटची पाळी, आणि ती तिनं वाया जाऊ दिली नाही.

आता रक्ताचे आकडे खाली आलेत. निशाबाई म्हणतात, बघू. रोज सकाळी अनुजा म्हशीचं दूध तापवते, हळद टाकते, आणि पेला सासूपुढं नेऊन ठेवते. सरुबाई पेल्याकडं बघते, सुनेकडं बघते. दारात उदयसिंह उभा असतो, शेजारच्या बायका ये-जा करत असतात, नको म्हणायची सोय नसते. पेला रिकामा होईतो अनुजा समोरून हलत नाही.

दुधात हळदीशिवाय काही नसतं. पण ते सरुबाईला कुणी सांगितलेलं नाही.