साक्षीदार क्रमांक तीन

अकरा खुर्च्या. त्यातल्या चार एकसारख्या, बाकीच्या जिकडून तिकडून.

राखाडी पॅन्ट, उंची दीड इंच कमी करणे. चेन बदलणे. गिऱ्हाईक गुरुवारी येणार आणि घाई करणार.

“भुंगा चार्जिंगला आहे. कुणी काढू नये.” प्लगच्या वर भिंतीला चिकटवलेली चिठ्ठी.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली तर आत उड्या मारायच्या नसतात.

“किती साधं! आजकाल कोण करतं गं असं?”

उभे राहून, मोठ्याने, खोलीतील सर्वांना ऐकू जाईल असे.

*

खुर्च्या आमच्या लग्नासाठी. पॅन्ट माझ्या कामाची. मी कपडे अल्टर करण्याच्या दुकानात मशीनवर बसते. लिफ्टचा सल्ला माझ्या होणाऱ्या नवऱ्याचा; तो लिफ्ट दुरुस्त करतो, आणि दुकानातल्या बायका त्याला माझ्या तोंडावर लिफ्टवाला म्हणतात. ‘किती साधं’ हे तर जो तो म्हणत होता. शेवटची ओळ लग्नाच्या फॉर्ममधली. तीन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने साहेबांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं: मी या दोघांना ओळखतो, आणि हे दोघे स्वतःच्या मर्जीने लग्न करत आहेत. पुटपुटून चालत नाही.

भुंगा बाबांचा.

*

बाबा तीस वर्षं घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. बटाट्याच्या पोत्यांवर उभं राहून त्यांनी भाव पुकारला की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला चहा पिणारा माणूस कप खाली ठेवायचा. घरीही तसंच. मी शाळेत असताना आई गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच, पण शेजाऱ्यांना वाटायचं दहा माणसं राहतात.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. आता ते दाढीच्या मशीनएवढं एक यंत्र गळ्याला टेकवतात, बटण दाबतात आणि ओठ हलवतात. यंत्र गुणगुणतं, त्या गुणगुणीचे शब्द होतात. भुंगा हे नाव त्यांनीच ठेवलं. भुंग्याला एकच सूर. राग, चेष्टा, प्रश्न, उत्तर, सगळं त्याच पट्टीत. “जेवलीस” म्हणाले तर ते विचारतायत की सांगतायत हे चेहऱ्याकडे बघून ठरवावं लागतं.

मी चेहऱ्याकडे बघायचं कमी केलं होतं.

*

साधं लग्न ही कल्पना मुळात लिफ्टवाल्याची. “नोंदणी करू, घरी येऊ, चहा पिऊ, झोपू,” तो म्हणाला.

“झोपू काय?”

“दमलेलो असणार ना. खुर्च्या कोण उचलणार?”

मी ती कल्पना अशी उचलली की जणू माझीच. स्टेज नको, माइक नको, कुणी चार शब्द बोलणं नको. विशेषतः ते नकोच. दुकानातल्या बटणमावशी (वीस वर्षं त्या फक्त काज-बटण करतात) म्हणाल्या, “अगं, बाप दोन शब्द तरी बोलेल की नाही?”

“भाषणं नकोतच, मावशी. साधंच करायचंय.”

“गुणाची गं पोर,” त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. मी मशीनवर पाय दाबला. शिलाई वाकडी गेली, उसवावी लागली.

*

रविवारी आम्ही सोफे बघायला जायचो. घ्यायचा नव्हता. आमच्या नव्या खोलीत सोफा आला असता तर दार बंद झालं नसतं. पण त्या मोठ्या दुकानात थंड असायचं, आणि सोफ्यावर बसून आम्ही नवराबायकोसारखं भांडायचो.

“टीव्हीचा आवाज कमी कर.”

“टीव्ही कुठाय?”

“तेच म्हणते मी, तुझं घरात लक्षच नसतं.”

दुकानातला विक्रेता आम्हाला ओळखायला लागला होता. नवीन माल आला की स्वतःहून बोलवायचा, “या, हा बसून बघा, यावर अजून तुमचं भांडण झालेलं नाही.” त्या दिवसांत मी इतकी हसायचे की लिफ्टवाला म्हणायचा, तुझ्या हसण्यात तेल कमी पडतंय, एकदा सर्व्हिसिंग करून घे.

एका रविवारी बाबाही आले. हिरव्या सोफ्यावर टेकले, हात फिरवला, भुंगा गळ्याला लावला आणि म्हणाले, “स्प्रिंग चांगली आहे.”

शेजारच्या सोफ्यावरचं कुटुंब एकदम वळलं. विक्रेता बाबांकडे न बघता माझ्याकडे बघून मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “त्यांना सांगा, दहा वर्षांची गॅरंटी आहे.” जसं काही बाबांना ऐकू येत नव्हतं.

मी दोन पावलं बाजूला झाले आणि एका दिव्याची किंमत बघू लागले. नुसती उभी राहिले नाही, चिठ्ठी उलटी करून मागचंही वाचलं. लिफ्टवाला बाबांच्या शेजारी जाऊन बसला आणि विक्रेत्याला म्हणाला, “त्यांनाच सांगा ना, ते इथेच आहेत.”

घरी येताना बाबा गप्प होते. ते गप्प आहेत म्हणून मला बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

*

साक्षीदार क्रमांक एक: मुलाची बहीण.

साक्षीदार क्रमांक दोन: मुलाचा मित्र, व्यवसाय लिफ्ट दुरुस्ती.

साक्षीदार क्रमांक तीन: 

तिसरी ओळ आठवडाभर रिकामी होती. बाबा रोज येताजाता टेबलावरच्या त्या फॉर्मकडे बघायचे. एका संध्याकाळी मी पेन घेऊन बसले आणि बटणमावशींचं नाव लिहिलं.

“वडील चालत नाहीत, बाबा,” मी मान खाली घालूनच म्हणाले. “नियम आहे. बाहेरचं माणूस लागतं.”

भुंगा गुणगुणला. “वडील चालत नाहीत.”

विचारत होते की नुसतं म्हणत होते? मी वर पाहिलं नाही, त्यामुळे मला कळलं नाही.

लिफ्टवाल्याने विचारलं, “अगं, बाबा का नाहीत?”

“त्यांनाच नकोय. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांना कसंतरी होतं.”

त्याने लगेच मान डोलावली. “बरोबर आहे. आपण आग्रह नको करायला.” आणि त्यानंतर तो बाबांशी जास्तच हळुवार वागू लागला. मी एकाच विषयावर दोन माणसांना दोन वेगळ्या थापा मारल्या होत्या, आणि दोन्ही इतक्या मवाळ होत्या की कुणालाच त्या टोचल्या नाहीत.

*

लग्नाच्या आधी नऊ दिवस. आम्ही दोघं फोटो द्यायला नोंदणीच्या ऑफिसात गेलो. खिडकीमागच्या कारकून बाई गप्पिष्ट होत्या. फॉर्म चाळत म्हणाल्या, “साक्षीदार सगळे येणार ना? ऐन वेळी एखादा दांडी मारतो. मोठ्याने बोलायचंय म्हटलं की भल्याभल्यांचे पाय लटपटतात.”

“येतील,” तो म्हणाला.

“नाहीतर एकेक माणूस असा असतो! मागच्या आठवड्यात एक काका आले. गळ्याला ते यंत्र लावून बोलत होते. आधी मला वाटलं, इथे उभे राहून दाढी करतायत की काय. पाऊण तास रांगेत थांबले, आणि विचारायचं एवढंच, मुलीच्या लग्नात बाप साक्षीदार झालेला चालतो का. म्हटलं, काका, बापाला कोण नाही म्हणेल? उलट बरंच की.”

मी खिडकीवरची वेळांची पाटी वाचू लागले.

“मग काय म्हणाले ते?” हे त्याने विचारलं. मी नाही.

“म्हणाले, खात्री करून घेत होतो. थँक्यू म्हणाले आणि गेले. दोन फोटो जास्तीचे द्या, हे कोपऱ्यात दुमडलेत.”

*

ऑफिसच्या पायऱ्या. मी चौथ्या पायरीवर बसले. तो उभाच राहिला.

“मला म्हणालीस, त्यांनाच नकोय.”

“हो.”

“आणि त्यांना काय म्हणालीस?”

सांगितलं.

तो हातातल्या फोटोंच्या पाकिटाचं तोंड उघडबंद करत राहिला. ओरडला असता तर मला उलट ओरडता आलं असतं. मला वाटलं, आता विचारेल, ‘का?’ माझ्याकडे उत्तर तयार होतं. बाबांनाच त्रास होईल, लोक बघतील, त्यांना वाईट वाटेल. सगळ्या उत्तरांत बाबा होते. मी एकाही उत्तरात नव्हते.

त्याने ‘का’ विचारलंच नाही. म्हणाला, “मी त्यांना आठवडाभर काचेच्या भांड्यासारखं वागवत होतो. परवा त्यांच्या हातातली पिशवीसुद्धा काढून घेतली. त्यांना काय वाटलं असेल?”

“मी बदलते नाव. अजून बदलता येतं.”

“नाव बदलशील गं. सांगशील काय?”

*

बाबा व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून खुर्च्यांना रंग देत होते. अकराच्या अकरा खुर्च्या एकसारख्या दिसाव्यात हा त्यांचा हट्ट. दोन्ही हातांना पांढरा रंग, म्हणजे त्यांना भुंगा धरता येणार नव्हता. मी नेमकी तीच वेळ निवडली. हेही मला नंतर कळलं.

“बाबा, मी तुमच्याशी खोटं बोलले.”

ब्रश चालूच.

“नियम वगैरे काही नाही. तुम्ही जाऊन विचारून आलात, ते कळलं मला. मला... मला लोकांसमोर तो आवाज...” मी पायाने वर्तमानपत्राचा कोपरा सरळ केला. “चुकलं माझं. तुम्ही व्हा ना साक्षीदार.”

त्यांनी खुर्चीचा पाय संपवला. ब्रश पाण्यात ठेवला. नळावर जाऊन हात धुतले, साबण लावून, नखांतून सुद्धा. पुसले. मग आत जाऊन भुंगा घेऊन आले आणि माझ्यासमोर बसले. तेवढा सगळा वेळ मला तिथे उभं राहावं लागलं.

“मला पहिल्या दिवशीच कळलं होतं,” भुंगा म्हणाला. “तू फॉर्मकडे बघून बोलत होतीस.”

“मग बोलला का नाहीत?”

“म्हटलं, खरंच नियम असला तर. उगाच पोरीवर आळ.”

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं.

“माझा आवाज मलाही आवडत नाही,” ते म्हणाले. “फोनवर कुणी पहिल्यांदा ऐकलं की ठेवून देतं. पण मला तो बदलून मिळत नाही. तुला साक्षीदार बदलून मिळाला.”

“बाबा, प्लीज.”

“आता नको. आता तू रडलीस म्हणून मी हो म्हणायचं, मग तुला बरं वाटणार. रंग वाळतोय, तिकडे पाय नको लावूस.”

आणि त्यांनी भुंगा खिशात टाकला. त्यांचं बोलणं संपलं की असं संपतं. भुंगा खिशात असताना त्यांच्याशी कुणाला भांडताही येत नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही एकाच टेबलावर जेवलो. मीठ दे, पाणी घे, एवढंच. दुकानात बटणमावशी त्यांचं वाक्य पाठ करत होत्या, दर वेळी ‘मर्जी’च्या जागी ‘इच्छा’ म्हणत होत्या, आणि बायका हसून लोळत होत्या. मीही हसले. लिफ्टवाला रोज संध्याकाळी यायचा, बाबांबरोबर खुर्च्यांना दुसरा हात मारायचा. पिशवी काढून घेणं त्याने बंद केलं होतं. उलट एकदा बाबांनाच जड डबा उचलायला लावला. बाबा खूश दिसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जेवणाच्या डब्याखाली एक कागद होता. बाबांच्या ओळखपत्राची झेरॉक्स, खाली सही. साक्षीदाराला तीच लागते.

मी बटणमावशींना खरं काय ते सांगितलं. त्यांनी हातातलं बटण खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “गुणाची पोर म्हणाले होते ना मी तुला?” आणि सुईत दोरा ओवू लागल्या. त्यापेक्षा त्यांनी कानफटात मारली असती तर बरं.

*

आमचा नंबर अकरा वाजता लागला. खोली लहान, भिंतीला घड्याळ, मागच्या बाकावर आमच्यानंतरचं जोडपं आणि त्यांची माणसं. त्याची बहीण बोलली. मित्र बोलला, घाईघाईत, साहेबांनी पुन्हा बोलायला लावलं.

मग बाबा उठले. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण उघडं, कारण यंत्राला जागा लागते. त्यांनी भुंगा टेकवला.

“मी या दोघांना ओळखतो.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणीतरी “श्श” केलं. लिफ्टवाला ताठ उभा राहून बाबांकडे बघत होता. बटणमावशी बघत होत्या. साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं आणि तेही बघत होते.

“आणि हे दोघे स्वतःच्या मर्जीने लग्न करत आहेत.”

मी माझ्या चपलांकडे बघत होते. ठरवलं होतं की बघायचं, त्यांच्या डोळ्यांत बघायचं. नऊ दिवस ठरवत होते. पण भुंगा गुणगुणला आणि माझी मान आपोआप खाली गेली, सोफ्याच्या दुकानात पाय आपोआप बाजूला झाले होते तशी.

वर पाहिलं तेव्हा बाबा सही करत होते. सही करून ते माझ्याजवळ आले, माझ्या खांद्यावरचा एक दोरा काढला आणि जागेवर जाऊन बसले.

तीन वर्षांपूर्वी, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलमधल्या बाईंनी मला फोनवर सांगितलं होतं, त्यांचा आवाज आजच रेकॉर्ड करून ठेवा, आणि मी दुकानातून निघायला उशीर केला, ते राहूनच गेलं.