चाचणीच्या अकरा खुर्च्या

आमची मूळ कंपनी लिफ्ट बनवणारी. तिच्याच एका जुन्या गोदामात आम्ही पाच जणांनी नवा उद्योग मांडला होता: घरच्या जिन्याच्या कडेने रुळावर वर-खाली जाणारी खुर्ची. प्रमुख मी. पहिली खुर्ची बसवली माझ्या आत्याकडे. गुडघे गेलेले, घरात एकटी आणि झोपायची खोली वर.

आता माझा शहाणपणा ऐका. दर महिन्याच्या अहवालात मी लिहायचे, 'चाचणी चालू. अजून वापरास योग्य नाही.' धडधडीत खोटं! अकरा घरांत अकरा खुर्च्या झकास चालत होत्या. पण खरं लिहिलं तर विक्री विभाग नाक खुपसणार, म्हणून दोन वर्षं आळीमिळी गुपचिळी. वर स्वतःवरच खूश.

मग वरच्यांनी धोरण बदललं. यापुढे फक्त उंच इमारती. साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुमचं युनिट बंद. माणसं आपापल्या विभागात परत. चाचणीचा माल महिनाअखेरपर्यंत काढून आणा."

"साहेब, लोक रोज वापरतात त्या."

त्यांनी माझेच अहवाल पुढे सरकवले. "वापरास योग्य नाही, असं तुम्हीच लिहिलंय. उद्या कुणी पडलं तर?"

अहवाल उचलून मी बाहेर पडले.

सुरुवात आत्यापासून करू म्हटलं; निदान शिव्या तरी घरच्या मिळतील. आमचा फोरमन पाना घेऊन तिच्या जिन्यापाशी बसला. मी आत्याला सगळं सांगून टाकलं.

"मग आता खरं लिही की," आत्या म्हणाली.

"नोकरी जाईल गं."

आत्या फोरमनला म्हणाली, "खोला बाबा. पण आधी माझी गादी खाली आणा. आणि खिडकीतलं रेडिओचं खोकं. आता वर काही जाणं होत नाही माझं."

एक शब्द लागेल असा बोलली नाही बया. मला स्वतःची इतकी लाज वाटली!

"ठेवा तो पाना," मी फोरमनला म्हटलं आणि तिथेच पायरीवर बसून साहेबांना लिहिलं: अकराही खुर्च्या उत्तम चालतात. आजवरचे अहवाल खोटे होते. ते मी लिहिले.

तपासणी झाली. अकरा खुर्च्या राहिल्या. मला राजीनामा द्यायला लावला.

आत्याला सांगायला गेले, तेव्हा ती वर होती. खुर्चीत बसून सावकाश खाली आली. मी वाट बघत उभी.

"जेवलीस का?" तिने विचारलं, आणि मला रडू फुटलं.